एकच गाणं, दोन तबकड्या: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सोलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या संगीताच्या, जुन्या रेकॉर्ड्सवर लिहिलं होतं, एकाच गाण्याचे दोन-दोन तीन-तीन अवतार कसे वेगवेगळ्या तबकड्यांवर राहून गेलेत त्याबद्दल, आणि त्यावर इतके प्रश्न आले की ह्या वेळी नेहमीचं सदर बाजूला ठेवून फक्त तेच घेतेय. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, रेअर रेकॉर्ड आणि अल्टरनेट व्हर्जन ह्यात नक्की फरक काय? ऑनलाइन बघतो तर विकणारे सगळ्यालाच 'रेअर व्हर्जन' म्हणतात. (पुण्याहून एक वाचक)

फरक मोठा आहे आणि तो आधी पक्का करून घ्या, कारण पैसे इथेच जातात. रेअर म्हणजे प्रती कमी. लेबलचा रंग वेगळा, कारखाना वेगळा, रेडिओवाल्यांना पाठवलेली पांढऱ्या लेबलची प्रोमो, असं काहीही, पण सुई ठेवली की आतलं गाणं तेच. अल्टरनेट म्हणजे गाणंच वेगळं. टेक, म्हणजे एका वेळी गाऊन झालेलं रेकॉर्डिंग, वेगळा, किंवा टेक तोच पण मिक्स, म्हणजे आवाज आणि वाद्यांची जुळवणी, वेगळं, किंवा कात्री लावलेलं. कधी कधी दोन्ही गोष्टी एका तबकडीत येतात, पण दर वेळी नाही, आणि मला स्वतःला विचाराल तर मी दुसऱ्या प्रकाराच्या मागे आहे, पहिल्याच्या नाही.

उदाहरण घ्या 'शॉप अराउंड'चं. १९६० साली डेट्रॉइटला टॅमला लेबलवर मिरॅकल्सचं हे गाणं निघालं, नंबर ५४०३४. शहरात विकायला गेलं, रेडिओवर लागायला लागलं, आणि ते ऐकून कंपनीचा मालक बेरी गॉर्डी बेचैन झाला, त्याला गाणं संथ वाटत होतं. त्याने मिरॅकल्सचा गायक स्मोकी रॉबिन्सन ह्याला रात्री तीनच्या सुमारास फोन करून उठवलं, सगळ्यांना स्टुडिओत बोलावून घेतलं, पियानोवाला आलाच नाही म्हणून स्वतः पियानोवर बसला, लय वाढवली आणि गाणं परत रेकॉर्ड केलं. ते दुसरं व्हर्जन देशभर गेलं आणि मोटाउनची, म्हणजे गॉर्डीच्या ह्याच कंपनीची (टॅमला हे तिचंच लेबल), दहा लाख खपलेली पहिली रेकॉर्ड ठरलं. पण नंबर बदलला नाही! दोन्हीवर ५४०३४च. म्हणजे एकाच नंबराखाली दोन वेगळी गाणी फिरतायत, एक जगाने ऐकलेलं आणि एक फक्त डेट्रॉइटच्या लोकांनी काही दिवस ऐकलेलं.

आता माझ्यासोबत झालेलं सांगते. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी हीच रेकॉर्ड 'पहिलं व्हर्जन' म्हणून घेतली, फोटोत पिवळं लेबल, त्यावर त्या जुन्या आडव्या रेघा, मी म्हटलं जुनं लेबल आहे म्हणजे पहिलंच असणार. घरी आल्यावर लावली. पहिल्या चार ओळी झाल्या आणि पोटात खड्डा पडला, कारण चाल तीच, माझ्याकडच्या संग्रहातल्या सीडीवर आहे तीच पळती चाल. दोन्ही एकत्र सुरू करून बघितलं, शेवटपर्यंत हातात हात घालून गेली. रेघांचं लेबल तेव्हा चालूच होतं, दुसरं व्हर्जनही त्याच लेबलवर छापलं गेलं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. त्या दिवसापासून लेबलवर विश्वास ठेवून मी एकही रेकॉर्ड घेतलेली नाही, दोनच गोष्टी मागते: रनआउटचा जवळून काढलेला फोटो, आणि गाण्याच्या सुरुवातीची वीस-पंचवीस सेकंदं मोबाइलवर रेकॉर्ड करून. जो विक्रेता वीस सेकंदं ऐकवायला तयार नाही त्याच्याकडून महागडं काही घेऊ नका.

रनआउट म्हणजे काय आणि ते वाचायचं कसं? माझ्याकडे वडिलांच्या काही अमेरिकन सिंगल्स (एका बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकड्या) आहेत. (कोल्हापूरहून एक वाचक)

गाणं संपल्यावर सुई जिथे नुसती फिरत राहते, लेबल आणि शेवटची खाच ह्यांच्या मधली ती गुळगुळीत पट्टी म्हणजे रनआउट. त्यावर बारीक अक्षरं-आकडे कोरलेले असतात, काही हाताने खरडलेले, काही ठशाने उठवलेले. लेबल छापणारा माणूस चुकू शकतो, जुनी उरलेली लेबलं नव्या तबकडीवर लावली गेलेली आहेत, पण रनआउटवरचा मॅट्रिक्स नंबर त्या तबकडीच्या साच्याबरोबर जन्माला येतो. परत मास्टर कापला की बहुतेक वेळा त्या नंबराला शेपूट लागतं, एखादा आकडा किंवा अक्षर वाढतं. म्हणून लेबल तेच आणि मॅट्रिक्स वेगळा दिसला की कान टवकारायचे. वेगळा मॅट्रिक्स म्हणजे वेगळं व्हर्जन असेलच असं नाही हं, कधी जुना साचा झिजला म्हणून तेच गाणं परत कापलेलं असतं, पण ऐकून बघायला कारण मिळतं.

कारखान्याच्या खुणाही तिथेच असतात. मिशिगनमधल्या ओवोसो गावच्या अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंगने मोटाउनच्या ढीगभर सिंगल्स छापल्या, त्यांची एआरपी अशी गुंफलेल्या अक्षरांची छोटी खूण असते. लॉस एंजेलिसच्या मोनार्कची खूण म्हणजे छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा. टेबललॅम्प बाजूने तिरका पाडा, वरून नाही, म्हणजे अक्षरं उठून दिसतात, मोबाइलचा टॉर्चही चालतो. वडिलांच्या रेकॉर्ड्सची वही करा, लेबलवरचा नंबर एका रकान्यात आणि रनआउटवरचा दुसऱ्या.

ओटिस रेडिंगचा 'ओटिस ब्लू' हा एलपी (बऱ्याच गाण्यांची मोठी तबकडी) घ्यायचाय. मोनो घेऊ का स्टिरिओ? दुकानदार म्हणाला स्टिरिओच चांगला, मोनो जुनाट वाटतं. (डोंबिवलीहून एक वाचक)

ह्या प्रश्नावर मी रात्रभर बोलू शकते. शक्य असेल तर दोन्ही घ्या, आणि एकच परवडत असेल तर मोनो घ्या.

मोनो म्हणजे सगळा आवाज एकत्र, स्टिरिओ म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला वेगवेगळा. आता कारण ऐका. ओटिस रेडिंगचं 'आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग' १९६५च्या वसंतात सिंगल म्हणून आलं, स्टॅक्स कंपनीच्या व्होल्ट लेबलवर, आणि ते फक्त मोनोत रेकॉर्ड झालेलं होतं. मग जुलैमध्ये मेम्फिसला स्टॅक्सच्या स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या थिएटरात, 'ओटिस ब्लू'चं काम एका दिवस-रात्रीत उरकलं, मध्ये वादक आपापल्या रात्रीच्या कार्यक्रमांना जाऊन वाजवून परत आले आणि पहाटेपर्यंत बसले. न्यूयॉर्कहून अटलांटिक ह्या रेकॉर्ड कंपनीचा इंजिनिअर टॉम डाउड आला होता आणि आता स्टिरिओ टेप चालू होती. एलपीमध्ये हे हिट गाणं तर हवंच, पण स्टिरिओ एलपीवर मोनो टेप कशी टाकणार, म्हणून ते गाणं त्या सेशनमध्ये परत गायलं गेलं. त्यामुळे मोनो एलपीवर, नंबर व्होल्ट ४१२, मूळ सिंगलचं गाणं आहे, आणि स्टिरिओवर, एस-४१२, नवीन. कव्हर तेच, गाण्याचं नाव तेच, क्रम तोच, आणि आतला माणूस त्याच शब्दांवर दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळ्या तऱ्हेने तुटतोय.

दोन्ही एकामागोमाग लावून शेवटाकडे लक्ष द्या, जिथे तो शब्द सोडून नुसती विनवणी करायला लागतो. मूळ सिंगलमध्ये प्रत्येक थांबा मला मोजून घेतलेल्या श्वासासारखा वाटतो, ब्रास वाट बघत उभी आहे आणि तो उशीर करतोय. जुलैच्या टेकमध्ये तो जास्त मोकळा आहे, गाणं हिट झालंय हे त्याला ठाऊक आहे असं वाटतं. कुठलं चांगलं हा वाद मी घालत नाही, पण मला रडवतं ते मोनोवरचं.

दुकानदाराचं म्हणणं सगळंच चूक नाही. साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी, १९६७-६८च्या सुमारास, अमेरिकेत मोनो एलपी बंद होत आले तेव्हा काही कंपन्यांनी वेगळं मोनो मिक्स न करता स्टिरिओचीच दोन टोकं एकत्र मिसळून मोनो म्हणून छापलं, त्याला फोल्ड-डाउन म्हणतात, त्यात नवीन काही नसतं. उलट बाजूने, जुन्या मोनो टेपला कृत्रिम स्टिरिओ करून विकलेले एलपीही आहेत, एका स्पीकरमध्ये खर्ज आणि दुसऱ्यात नुसती झणझण, ते तर घेऊच नका. पण १९६६-६७च्या आधीचं सोल, विशेषतः मोटाउन आणि स्टॅक्स, बहुतेक मोनोसाठीच घडलंय. ते लोक सिंगलसाठी काम करायचे, गाडीच्या छोट्या रेडिओवर कसं वाजेल ते बघून मिक्स ठरवायचे, आणि स्टिरिओ मिक्स बरेचदा नंतर केलेलं असायचं, कधी गायकाचा वेगळाच टेक वापरून. म्हणून मोटाउनच्या सिंगल आणि स्टिरिओ एलपीवरचं एकच गाणं सलग ऐकलंत तर मागचे कोरस, टाळ्या, कधी ओळीच्या शेवटची हरकत वेगळी सापडते. हा शोध घेण्यातच माझे रविवार जातात.

इकडे न्यू जर्सीत राहतो. अटलांटिकच्या जुन्या सेशन्सचे अल्टरनेट टेक इतके कमी का मिळतात? बाकी कंपन्यांचे तर बॉक्स सेट निघतायत. (एडिसनहून एक वाचक)

उत्तर तुमच्या घरापासून फार लांब नाही. लाँग ब्रँचला समुद्राकाठी एक इमारत होती, आधी डिपार्टमेंट स्टोअर होतं, तिथे अटलांटिकने आपल्या टेप्स ठेवल्या होत्या. ८ फेब्रुवारी १९७८ला तिला आग लागली. प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचे मास्टर बहुतेक न्यूयॉर्कला होते म्हणून वाचले, पण न निघालेली गाणी, रिहर्सल, अल्टरनेट टेक, सेशनची मोठी रिळं, १९४०च्या अखेरीपासून १९६९पर्यंतचं खूप काही गेलं. अरीथा फ्रँकलिन, रे चार्ल्स, कोलट्रेन, सगळ्यांचं.

ह्याचा अर्थ संग्राहकाच्या दृष्टीने लक्षात घ्या. टेप जळली की उरतं ते फक्त छापलेलं. एखाद्या सिंगलच्या मागच्या बाजूला वेगळं मिक्स गेलेलं असेल, कुणा निर्मात्याच्या घरी सेशननंतर ऐकायला दिलेला अ‍ॅसिटेट पडला असेल, तर तोच आता पुरावा. अ‍ॅसिटेट म्हणजे अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा (लाखेचा नव्हे, नायट्रोसेल्युलोजचा) थर आणि त्यात थेट कापलेली खाच, दर वेळी वाजवला की थोडा मरतो. कधी हाताला लागलाच तर हौसेने पाच वेळा लावून बघू नका, पहिल्याच वेळी चांगल्या सुईने डिजिटल करून घ्या आणि मग ठेवून द्या.

सॅम कुकचं 'अ चेंज इज गॉना कम' माझ्याकडे सिंगलवर आहे, मित्राच्या एलपीवर ते मोठं आहे. माझी रेकॉर्ड खराब आहे का? (नाशिकहून एक वाचक)

खराब नाही, कापलेली आहे, आणि कुठे कापली ते ऐकून बघा म्हणजे त्या काळाची अमेरिका समजेल. १९६४च्या सुरुवातीला 'एन्ट दॅट गुड न्यूज' ह्या एलपीवर पूर्ण गाणं आलं. त्यात एक कडवं आहे, सिनेमाला जावं, गावात फिरावं तर कुणीतरी सांगतं इथे थांबू नकोस, ह्या आशयाचं. आधीच्या वर्षी ऑक्टोबरात लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला एका मोटेलने सॅम कुक आणि त्याच्या माणसांना खोली नाकारली होती, वर अटकही झाली होती, तो अनुभव ह्या गाण्याच्या मागे आहे. सिंगल काढताना नेमकं तेच कडवं उडवलं. ११ डिसेंबर १९६४ला तो गोळी लागून गेला आणि २२ डिसेंबरला 'शेक'च्या मागच्या बाजूला हे कापलेलं गाणं बाजारात आलं. लोकांनी रडत जे ऐकलं त्यात सगळ्यात बोचरी ओळच नव्हती.

तुमची सिंगल अजिबात विकू नका. तिच्या शेजारी तो एलपी ठेवा. ह्या दोन तबकड्यांमधलं अंतर मला कुठल्याही बॉक्स सेटपेक्षा जास्त मोलाचं वाटतं, आणि दोन्ही अजून आवाक्यातल्या किमतीत मिळतात.

मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' ह्यातलं कुठलं व्हर्जन शोधू? (ठाण्याहून एक वाचक)

दोन गोष्टी. एक, जानेवारी १९७१ची मूळ सिंगल, टॅमला ५४२०१. तिच्या मागे 'गॉड इज लव्ह' आहे आणि ते एलपीवरचं नाही, आधीचं वेगळं रेकॉर्डिंग आहे. लोक पुढची बाजू वाजवून रेकॉर्ड कपाटात ठेवतात, उलटी करून ऐकतच नाहीत! ही सिंगल भरपूर खपली होती त्यामुळे मिळायला कठीण नाही. दोन, डेट्रॉइट मिक्स. एप्रिलमध्ये डेट्रॉइटला एलपीचं पूर्ण मिक्स तयार झालं होतं, मग मार्विन लॉस एंजेलिसला गेला आणि मे महिन्यात त्याने सगळं परत मिक्स केलं, जगाला माहीत आहे ते हे दुसरं. पहिलं तीस वर्षं पडून होतं, २००१च्या सीडी आवृत्तीत बाहेर आलं. मला त्यात ताल पुढे आणि आवाज जवळ वाटतात, एलपीसारखं सगळं एकात एक वितळलेलं नाही.

इंग्लंडात नॉर्दर्न सोलवाल्यांमध्ये (जुन्या अमेरिकन सोल रेकॉर्ड्सवर नाचणाऱ्यांमध्ये) नवीन आलोय. फ्रँक विल्सनच्या त्या एका सिंगलची किंमत ऐकून झोप उडाली. इतके पैसे कोण देतं आणि का? (लीड्सहून एक वाचक)

'डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)', मोटाउनचंच सोल नावाचं लेबल, नंबर ३५०१९, १९६५. डेमो छापले गेले, मग फ्रँक विल्सनने गाण्यापेक्षा निर्मात्याचं काम निवडलं आणि रेकॉर्ड निघालीच नाही, प्रती नष्ट झाल्या. बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. २००९ला एक २५,७४२ पौंडांना गेली आणि २०२०ला एक लाख पौंडांना. विगन कसिनो ह्या नाचाच्या क्लबच्या दिवसांत तर डीजे दुसऱ्याला पत्ता लागू नये म्हणून लेबल झाकायचे, खोटी नावं सांगायचे, हे गाणंही एडी फॉस्टरच्या नावाने वाजलं आणि त्याच नावाने नकली छापलंही गेलं.

पण तुम्ही आत्ताच आलात, म्हणून एक सांगते. हे गाणं १९७९मध्ये ब्रिटनच्या टॅमला मोटाउनवर रीतसर निघालं, टीएमजी ११७०. ते घ्या आणि नाचा. आणि त्याच वाद्यांच्या टेपवर क्रिस क्लार्क नावाच्या गायिकेने गायलेलं व्हर्जन आहे, ते ऐका, कारण तिथे खरी मजा आहे. मोटाउनमध्ये एकच वाद्यांचा ट्रॅक दोन-तीन गायकांना देऊन कोणाचं चांगलं बसतं ते बघायची पद्धत होती. गाणीही तशीच फिरायची. 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' १९६६मध्ये मिरॅकल्सने गायलं, १९६७च्या सुरुवातीला मार्विन गेने, पण आधी बाजारात आलं ते ग्लॅडिस नाइटचं, १९६७च्या सप्टेंबरमध्ये, आणि मार्विनचं सिंगल व्हायला १९६८चा ऑक्टोबर संपत आला. तिन्ही तबकड्या त्या मानाने स्वस्तात येतील. लाख पौंडांची एक बघण्यापेक्षा ह्या तीन एका संध्याकाळी लावा.

कोकणात घर आहे, पावसाळ्यात रेकॉर्ड्सना बुरशी धरते. अल्कोहोलने पुसू का? (रत्नागिरीहून एक वाचक)

आधी बघा तबकडी कशाची आहे. ७८च्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल लावाल तर लाख विरघळते, कायमची गेली. अमेरिकन सिंगल्समध्ये बऱ्याच स्टायरीनच्या असतात, व्हिनाइलच्या नाही. नखाने टिचकी मारली तर कडक टक् असा आवाज येतो, लेबल वरून चिकटवल्यासारखं वाटतं, वाकवायला गेलात तर तुटेल. त्यांनाही अल्कोहोल नकोच. स्टायरीन झिजलेल्या सुईने लवकर मरतं, एकदा खरखर बसली की धुऊन जात नाही, म्हणून सुई वेळेवर बदला. व्हिनाइलला डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने परत. लेबल भिजू देऊ नका. पूर्ण वाळल्याशिवाय कव्हरात घालायची नाही, आणि जुनी कागदी आतली पिशवी, तिलाच बुरशी असते, ती फेकून नवीन घाला. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ती भिंत घाम फुटल्यासारखी ओली असते.

मोटाउनच्या गायकांनी जर्मनमध्ये गायलंय हे खरं का? (नागपूरहून एक वाचक)

खरं. साठच्या दशकात परदेशी बाजारासाठी सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, मार्विन गे, स्टीव्ही वंडर ह्यांच्याकडून जर्मन, इटालियन, स्पॅनिशमध्ये गाणी गाऊन घेतली, उच्चार कागदावर लिहून समोर ठेवायचे. टेम्प्टेशन्सचं 'माय गर्ल' जर्मनमध्ये 'माइन गर्ल' झालं. कित्येकदा मागचा ट्रॅक मूळचाच असतो आणि त्यावर गायक शब्द न कळता सूर लावतोय, सुप्रीम्सची जर्मन गाणी ऐकताना डायना रॉस एकेक अक्षर जपून ठेवतेय हे कळतं. जर्मनीत कोणी नातेवाईक असतील तर त्यांना तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारात बघायला सांगा, आणि मिळाली तर मला नक्की कळवा, मी अजून शोधतेय.